पहिल्याच आठवड्यात आलेलं गिऱ्हाईक

शनिवारी संध्याकाळी फ्लॅटची जाहिरात टाकली जाते, रविवारी चार कुटुंबं घर बघून जातात आणि सोमवारी सकाळी एजंटचा फोन येतो. “काका, पार्टी एकदम जेन्युइन आहे. ८६ ला क्लोज करू म्हणतायत. संध्याकाळी टोकन घेऊन येतो.” जाहिरातीत ९० लाख लिहिलेले असतात. घरात लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं म्हणजे आपण भाव कमीच लावला. महिनाभर थांबलो तर ९५ सुद्धा येतील. दुसऱ्याचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. समोरच्या विंगमधला फ्लॅट असाच ‘बघू थोडं’ करत दीड वर्ष कुलपात पडलाय. दुकानदार भवानीचं गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाही, पण त्याला दिवसभरात आणखी पन्नास गिऱ्हाइकं मिळणार असतात. घर एकदाच विकायचं असतं.

दोन्ही तट ऑफर किती लवकर आली यावर भांडतात. माझ्या मते त्या प्रश्नात फार दम नाही. ऑफर कोणाकडून आली, तिच्यामागे पैसा कुठून येणार आहे आणि आपला आकडा आपण जाहिरातीच्या आधी ठरवला होता का, या तीन गोष्टींवर निर्णय उभा राहतो.

लवकर ऑफर येण्यात नवल काहीच नाही. कोथरूड, ठाणे किंवा नाशिकच्या गंगापूर रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट शोधणारी काही माणसं कायमच असतात. गेल्या चार-सहा महिन्यांत त्या भागातलं विकाऊ असलेलं जवळपास सगळं पाहून त्यांनी नाकारलेलं असतं. नवी जाहिरात दिसली की ही साठलेली सगळी मागणी पहिल्या पंधरा दिवसांत दार वाजवून जाते. पुढे फक्त नव्याने शोधायला लागलेले येतात आणि तेही तुरळक. मेल्विन कोल्स आणि एरिक स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये बाजाराच्या याच रचनेचं गणित मांडलं होतं: नवा माल जुन्या, ताटकळलेल्या गिऱ्हाइकांशी जुळतो आणि नवं गिऱ्हाईक आधीपासून पडून असलेल्या मालाशी; जुनं गिऱ्हाईक जुन्या मालाशी क्वचितच. म्हणजे पहिल्या आठवड्यात येणारा खरेदीदार बऱ्याचदा सगळ्यात जाणकार असतो. त्याला त्या गल्लीतला भाव तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो. तो ८६ म्हणतो तेव्हा तो आकडा हवेतून आलेला नसतो.

पण लवकर येणारा दुसराही एक असतो आणि त्याला ओळखता आलं पाहिजे. तो पाणी किती वेळ येतं ते विचारत नाही, स्वयंपाकघरातला उजेड बघत नाही, शाळेची चौकशी करत नाही. तो विचारतो, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, इमारत किती जुनी, पार्किंग कागदावर आहे का. मग थोडं टोकन देऊन तीन-चार महिन्यांचा एमओयू करू म्हणतो आणि ‘करारनाम्यात नाव कोणाचं ते नंतर सांगतो’ असंही जोडतो. हा राहायला येणारा नव्हे. तुमचा फ्लॅट अडकवून ठेवून तो त्या तीन महिन्यांत चार-पाच लाख जास्त देणारा शोधणार. त्याची ऑफर लवकर येते, कारण नवी जाहिरात सगळ्यांच्या आधी गाठणं हाच त्याचा धंदा. त्यात बेकायदा काही नाही. फक्त तो मधला नफा तुमच्या खिशातून जातो.

जुन्या इमारतींत याचं आणखी एक रूप दिसतं. मुंबई-पुण्यातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्यांत पुनर्विकासाची कुजबुज सुरू असते. सभेत विकासकांचे प्रस्ताव मागवायचं ठरतं, इतिवृत्त लिहिलं जातं आणि त्याच सुमाराला एखाद्या सभासदाच्या घरी ‘सहज चौकशी करत’ कोणीतरी येतं. विकणारा बऱ्याचदा तिथे राहत नसतो, म्हणून सभेला गेलेलाही नसतो. अशा घराची ऑफर आली तर उत्तर देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं वाचावीत. सभासदाला तो हक्क आहे आणि वाचायला एक दुपार पुरते.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. भारतात प्रत्येक ऑफरची नोंद ठेवणारी माहिती हाती लागत नाही. इंग्लंडमध्ये अँटोनियो मेर्लो आणि फ्रान्स्वा ऑर्तालो-माग्ने यांना ती मिळाली. घर बाजारात आल्यापासून विकलं जाईपर्यंतची प्रत्येक ऑफर आणि जाहीर किमतीतला प्रत्येक बदल त्यांनी साडेसातशेहून अधिक व्यवहारांत तपासला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण एक तृतीयांश वाटाघाटी फिसकटल्या होत्या आणि फिसकटल्यानंतर बहुसंख्य घरं शेवटी नाकारलेल्या ऑफरपेक्षा जास्त किमतीला गेली. ‘पहिली ऑफर हीच सर्वोत्तम’ हे एजंटांचं आवडतं वचन इथे टिकत नाही. पण हा निष्कर्ष सरसकट उचलून आपल्या दिवाणखान्यात आणण्याआधी एक लक्षात घ्यावं. नकार देणाऱ्यांनी बहुतेक वेळा कमी आकड्यालाच नकार दिला असणार. चांगली ऑफर आलेल्यांनी हो म्हणून विषय संपवला आणि ते या गणतीत आलेच नाहीत. थोडी घरं नकारानंतर खालच्या भावाला गेली, तीही होतीच. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तिची चर्चा फारशी होत नाही: घर जितके दिवस बाजारात पडून राहील, तितकी येणारी पहिली ऑफर जाहीर किमतीच्या मानाने खाली येते. आपल्याकडेही तीन महिने जुनी जाहिरात पाहिली की पहिला प्रश्न असतो, ‘का हो, अजून गेला नाही?’

एजंटचा सल्ला किती मानायचा, यावर शिकागोचा अभ्यास फार बोलका आहे. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी जवळपास एक लाख घरविक्रींची माहिती घेतली. त्यातली तीन हजारांहून अधिक घरं एजंटांची स्वतःची होती. तशाच इतर घरांच्या तुलनेत एजंटांनी स्वतःचं घर सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवलं आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवली. कारण समजायला कागद-पेन्सिल पुरते. ८६ ऐवजी ९० ला घर गेलं तर तुम्हाला चार लाख जास्त मिळतात. दोन टक्के दलालीने एजंटच्या वाट्याला त्यातले आठ हजार येतात आणि त्यासाठी त्याला आणखी वीस लोकांना घर दाखवायला जिना चढावा लागतो. तो खोटं बोलत असतो असं मुळीच नाही. त्याचा आणि तुमचा थांबण्याचा हिशेब वेगळा आहे, इतकंच. आपल्याकडे बरेचदा एकच एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, तेव्हा तर हा फरक आणखी वाढतो.

विकणाऱ्याच्या डोक्यातही एक गडबड असते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बोस्टनमधले १९९० च्या दशकातले फ्लॅट तपासले. ज्यांनी चढ्या भावात घेतलं होतं आणि आता तोटा होणार होता, त्यांनी जाहीर किंमत वर ठेवली. त्यांना थोडी जास्त किंमत मिळालीही, पण त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. खरेदीदाराला तुम्ही २०१३ मध्ये काय मोजलं होतं याच्याशी घेणंदेणं नसतं. मॉड्युलर किचनवर केलेल्या साडेतीन लाखांशीही नसतं. ते किचन काढून टाकायचा त्याचा विचार असेल, पण तो तसं बोलून दाखवणार नाही.

‘लगेच हो म्हणाले म्हणजे आपण फसलो’ ही टोचणीसुद्धा अभ्यासली गेली आहे. अॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की, ज्यांचा पहिलाच आकडा समोरच्याने तात्काळ मान्य केला ते घासाघीस करून कमी मिळवणाऱ्यांपेक्षाही जास्त नाराज असतात. समोरच्याला एक दिवस थांबवून मग हो म्हणावं, हा मराठी घरातला जुना शहाणपणा यातूनच आला असावा. त्याने किंमत वाढेलच असं नाही, झोप मात्र नीट लागते.

गणितप्रेमी मंडळी इथे ३७ टक्क्यांचा नियम काढतात: पहिले ३७ टक्के उमेदवार नुसते पाहायचे, मग त्या सगळ्यांपेक्षा सरस मिळेल तो पहिला घ्यायचा. घरविक्रीला तो लागू पडत नाही. त्या कोड्यात उमेदवारांची संख्या आधी माहीत असते, नाकारलेला परत येत नाही आणि भावाची काहीच कल्पना नसते. घराच्या बाबतीत किती ऑफर येणार ते ठाऊक नसतं, गेलेलं गिऱ्हाईक कधीकधी परत येतं आणि भावाचा अंदाज बांधता येतो. जिथे भावाचा अंदाज आहे तिथे गणित साधं उत्तर देतं: आपला एक किमान आकडा ठरवा, त्याच्या वर आलेली पहिली ठीक ऑफर घ्या, मग ती तिसऱ्या दिवशी येवो की तिसऱ्या महिन्यात.

तो आकडा ठरवायचा कसा? पोर्टलवरच्या जाहिराती पाहून नव्हे. त्या मागण्या असतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तर नकोच. तिथे वरच्या मजल्यावरचा फ्लॅट ‘एक कोटी दहाला’ गेलेला असतो आणि त्यात दोन पार्किंग आणि सगळं फर्निचर होतं हे कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात याहून चांगली सोय आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये आपल्या भागातल्या नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, पाहता येते. एकच पान असतं. वर विलेखाचा प्रकार, म्हणजे करारनामा की विक्रीखत की बक्षीसपत्र. त्याखाली मोबदला, मग बाजारभाव. हा बाजारभाव रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने काढलेला, बाजारात चालणारा नव्हे. मोबदल्याचा आकडा आपल्या कामाचा. मग इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक, पार्किंगचा उल्लेख, मग क्षेत्रफळ, पुढे दस्त करून दिल्याचा दिनांक. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागावं, पण कार्पेट की बिल्ट-अप ते नीट वाचून. इथे दहा जणांपैकी चार जण गडबड करतात, असं एजंट हसत सांगतात. आपल्याच इमारतीतले किंवा शेजारच्या दोन सोसायट्यांतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा दस्त मिळाले, तर ९० ही मागणी होती की इच्छा होती ते कळतं. काही व्यवहारांत रोकड वेगळी दिलेली असते, म्हणून नोंदलेला आकडा कधी खरा भाव झाकतो. तरी जाहिरातीपेक्षा तो जमिनीच्या जवळ असतो.

दुसरा हिशेब थांबण्याचा. घर रिकामं आहे असं धरू. ८६ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर करापूर्वी महिन्याला साधारण ४६ हजार व्याज मिळालं असतं. मेंटेनन्स, मिळकतकर, वीज आणि अधूनमधून झाडून घेण्याचा खर्च धरला की एक महिना थांबण्याची किंमत पन्नास हजारांच्या आसपास जाते. सहा महिने थांबून ८९ लाख मिळाले तर तुम्ही काहीही कमावलेलं नसतं. घरावर कर्ज असेल तर ठेवीऐवजी कर्जाचा व्याजदर धरा. आकडा आणखी फुगतो. भाव चढते असतील तर चढ या खर्चातून वजा होते, पण ती चढ गेल्या वर्षीच्या इंडेक्स टूमध्ये दिसायला हवी, एजंटच्या बोलण्यात नव्हे.

मात्र तुम्ही त्याच घरात राहत असाल तर चित्र पालटतं. विकल्यावर कुठेतरी भाडं भरावं लागणारच. आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचं भाडं दोन-तीन टक्केच असतं, तरी तेवढं वाचतं आणि थांबण्याचा खर्च बराच उतरतो. म्हणून राहत्या घराचा मालक आरामात थांबू शकतो. गंमत अशी की प्रत्यक्षात उलटंच घडतं: राहती माणसं रोज घर आवरून दाखवायला कंटाळून लवकर हो म्हणतात आणि रिकाम्या घराचे मालक ‘काही खायला मागत नाही’ म्हणत वर्षानुवर्षं थांबतात.

आता ऑफर किती पक्की, हा कळीचा मुद्दा. ८६ लाखांच्या फ्लॅटवर बँक साधारण ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे ६८ लाख ८० हजार. तेही बँकेच्या मूल्यांकनाने किंमत तेवढीच निघाली तर. उरलेले सतरा लाख, पुण्यात सात टक्क्यांप्रमाणे सहा लाखांचं मुद्रांक शुल्क, तीस हजार नोंदणी फी आणि दलाली, असे पंचवीस लाखांच्या घरातले पैसे खरेदीदाराने स्वतःचे उभे करायचे असतात. ते कुठून येणार हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘आमचा जुना फ्लॅट विकून’ असं उत्तर आलं, तर तुमची विक्री त्यांच्या विक्रीवर टांगलेली आहे. कर्ज मंजुरीचं पत्र हातात असलेला ८५ वाला आणि ‘बँकेत ओळख आहे’ म्हणणारा ८८ वाला यांच्यात मी पहिल्याला निवडेन. दुसरा दोन महिन्यांनी मागे फिरला की तुमचं घर पुन्हा बाजारात येतं, आणि तेव्हा ते ‘अजून का गेलं नाही’ या रांगेतलं असतं.

लवकरची, घसघशीत, पण काही भाग रोख देतो म्हणणारी ऑफरही येते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतली तर घेतली तेवढीच दंड म्हणून जाऊ शकते, आणि हा दंड घेणाऱ्यावर आहे. शिवाय कागदावरचा मोबदला रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेला तर भांडवली नफा रेडी रेकनरच्याच आकड्यावर मोजला जातो. अशा ऑफरला नाही म्हणायला मला तरी रात्रभर विचार करावा लागणार नाही.

काही घड्याळं विकणाऱ्याच्या बाजूची असतात. जुन्या घराच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षाच्या आत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलेलं असावं लागतं. बांधायचं असेल तर तीन वर्षं. नवा फ्लॅट दहा महिन्यांपूर्वीच घेऊन ठेवला असेल तर जुना विकायला तुमच्याकडे दोनच महिने उरले. तिथे लवकरची ऑफर दोन-तीन लाखांनी कमी असली तरी करासह हिशेब केल्यावर तीच फायद्याची ठरू शकते. खरेदीदारांचीही घड्याळं असतात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेर तीन टक्क्यांनी आणि मग मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं होतं, तेव्हा वर्षअखेरीच्या आत नोंदणी करायला धावणारा खरेदीदार एरवीपेक्षा कमी घासाघीस करत होता. रेडी रेकनरचे दर बदलले तर सहसा १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चही धावपळीचा. पितृपक्षात टोकन देणारा क्वचित सापडतो. त्याच्या आदल्या आठवड्यात आलेली ऑफर ‘पंधरा दिवसांनी सांगतो’ म्हणून सोडली, तर ती नवरात्रापर्यंत टिकेलच असं नाही.

परदेशातल्या मुलांनी आईवडिलांचं घर विकायला काढलं की लवकरच्या ऑफरची ओढ सगळ्यात तीव्र असते. तीन आठवड्यांची रजा आणि परतीचं तिकीट खिशात. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराला ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारांतल्या नेहमीच्या एक टक्क्याऐवजी बरीच मोठी रक्कम कर म्हणून कापावी लागते, आणि ती कमी करण्याचं प्रमाणपत्र मिळवायला आठवडे लागतात. भावंडांपैकी एकजण न्यू जर्सीत, एक डोंबिवलीत असेल तर सह्यांचा आणखी घोळ. हे आधी उरकलेलं नसेल, तर रजेच्या पहिल्या आठवड्यात आलेली ऑफर स्वीकारूनही घर तीन आठवड्यांत विकलं जात नाही. कुलमुखत्यारपत्र आणि प्रमाणपत्राचा अर्ज निघण्याच्या आधी मार्गी लावला, तर तीच ऑफर शांतपणे पारखता येते.

शेवटी टोकन. स्कॉटलंडमध्ये चांगली ऑफर लवकर आली की विकणारा बंद पाकिटातल्या बोलींसाठी एक तारीख जाहीर करू शकतो. इंग्लंडमध्ये करारपत्रांची देवाणघेवाण होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो. आपल्याकडची समजूत अशी की टोकन घेतलं तरी जास्त देणारा आला तर ‘दुप्पट परत करून’ मोकळं होता येतं. कायद्यात असा सरसकट नियम नाही; पावतीत जे लिहिलं त्यावर सगळं ठरतं. पावतीवर दोन्ही बाजू, मालमत्ता, किंमत आणि मुदत स्पष्ट असेल, तर तो करार म्हणून उभा राहू शकतो. विशिष्ट अनुतोष कायद्यातली २०१८ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाल्यावर, करार पुरा करून द्या असा आदेश मिळवणं खरेदीदाराला पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. दावा लागला तर ते घर मधल्या काळात दुसरं कोणी घ्यायला धजत नाही.

म्हणून एजंट संध्याकाळी ५१ हजारांचा चेक घेऊन आला, तर चहा द्यावा आणि पावतीचा मसुदा उद्या सकाळी वकिलाला दाखवतो म्हणावं. त्यात करारनाम्याची मुदत तीस दिवसांची असावी, नव्वद नव्हे. खरेदीदाराचं नाव तिथेच असावं आणि ते बदलायला तुमची लेखी संमती लागेल असं लिहिलेलं असावं. कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, आणि खरेदीदाराने कारण नसताना माघार घेतली तर काय, हे वेगवेगळं लिहावं. जप्त केलेलं टोकन ज्या वर्षी ठेवलं त्या वर्षीचं तुमचं करपात्र उत्पन्न ठरतं, हेही लक्षात असू द्यावं. राहायला येणारं कुटुंब या अटींवर फार कुरकुर करत नाही. जो ‘एवढं काय लिहायचं, विश्वासाचं काम आहे’ म्हणतो, त्याला ८६ चे ८७ करायला सांगण्याआधी तीस दिवसांची मुदत मान्य आहे का ते विचारावं.